उलंगवाडीनंतर

पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी उरकली, की वावरातलं सामान एकेक करून घरी यायला लागतं. ताडपत्री येते, दोर येतात, वेचणीची फडकी धुऊन वाळत पडतात. डवरे आणि वखर कोठ्याच्या भिंतीला टेकतात. सगळ्यात शेवटी पाठीवरचा फवारणी पंप टिनाखालच्या खुंटीला अडकवला जातो. त्याच्या टाकीखालच्या डब्यात १२ व्होल्टची, ८ अँपिअर-अवरची बॅटरी आहे, हे त्या वेळी कोणाच्या मनातही नसतं. शेवटच्या फवाऱ्याला ती जेवढी उतरली, तेवढीच उतरलेली ती लटकत राहते. संक्रांत जाते, शिमगा जातो, मे महिन्यात टीन असं तापतं की हात लावायची सोय नाही. मग पाऊस पडतो, कापसाची पराटी वर येते, पानांखाली मावा-तुडतुडे दिसू लागतात, पंप खाली उतरतो आणि त्याला चार्जर लागतो. चार्जरवरचा हिरवा दिवा बघता बघता पेटतो. माणूस निर्धास्त होतो. वावरात जाऊन बटण दाबलं की पहिल्याच टाकीला फवारा मलूल पडतो आणि नोझलमधून नुसते थेंब गळायला लागतात.

“बॅटरी बसली जी आपली,” असं म्हणत जुलैच्या पहिल्या उघाडीला किती माणसं गावात येतात, ते दुरुस्तीच्या दुकानासमोर उभं राहिल्यावर कळतं. जाम नदीच्या अलीकडे-पलीकडे हाच प्रकार, कन्हानकडच्या गावांतही हाच. दुकानांच्या पाट्या हिंदीत, हिशेबाची वही हिंदीत, पण बिघाड मराठीतच सांगितला जातो. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हाही झाला. तरी दुरुस्तीचं सुटं सामान आजही नागपूरहून येतं आणि कापसाचं वेळापत्रक सीमेच्या दोन्ही अंगांना एकच आहे. बॅटऱ्या बसण्याचा हंगाम त्यामुळेच एक आहे.

त्या लगेच पेटलेल्या हिरव्या दिव्यात सगळी गोम आहे. शिशाच्या बॅटरीत एका प्लेटीवर शिसं असतं, दुसरीवर शिशाचं ऑक्साइड आणि मध्ये पातळ केलेलं ॲसिड. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट धरतं आणि ॲसिड विरळ होत जातं. चार्ज करताना ते सल्फेट सुटतं आणि ॲसिड पुन्हा दाट होतं. ताज्या सल्फेटचे कण बारीक असतात, ते सहज सुटतात. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडली की त्या कणांचे कडक खडे बनतात. त्यांच्यातून वीज वाहत नाही. चार्जर व्होल्ट वाढवतो, बॅटरी करंट घेतच नाही, आणि चार्जरला वाटतं पोट भरलं. दिवा हिरवा होतो तो यामुळे.

यात आपल्याकडचा उन्हाळा भर घालतो. शिशाची बॅटरी काहीही काम न करता आपोआप थोडी थोडी उतरत असते, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. २५ अंशांच्या गार खोलीत जी बॅटरी निवांत सहा महिने काढेल, ती ४५ अंशांच्या टिनाखाली चौपट वेगाने रिकामी होते. डिसेंबरात अर्धी उतरलेली बॅटरी एप्रिलपर्यंत पार रिकामी झाली तर नवल नाही. ज्याच्याकडे कापसासोबत संत्र्याची बाग आहे, त्याचा पंप तुलनेने बरा टिकतो. आंबिया बहाराला पंप हलतो, मृग बहाराला हलतो, मधे काही कीड आली की पुन्हा हलतो, आणि प्रत्येक वेळी बॅटरीला चार्जिंग मिळतं. कामाने बॅटरी झिजते हे खरं, पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक बॅटऱ्या कामाने गेलेल्या नाहीत. त्या रिकाम्या पडून गेल्या.

मला याचं वाईट वाटतं, आणि ते नुसतं पैशांचं नाही. नव्या बॅटरीला दोन-तीन रोजांची मजुरी जाते, हे आहेच. पण हा मुलूख पोळ्याचा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, तूप-हळद चोळायची, वर्षभर ओढलेल्या जुवाचे वळ हाताखाली चाचपायचे, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. उन्हाळ्यात बैलाला काम नसतं, म्हणून कोणी त्याचं कुटार बंद करत नाही. मग फवारणीच्या दिवसांत पाठीवर बसून सगळं शेत हिंडणाऱ्या या वस्तूला सहा महिने उपाशी का ठेवायचं?

बसलेली बॅटरी उठवणारी माणसं मात्र आहेत. पांढुर्ण्याच्या एका बाकड्यावर हे काम मी पुष्कळदा शेजारी उभं राहून पाहिलं आहे. बॅटरी बंद म्हणजे सील केलेली असते, असं आपण धरून चालतो. कारागीर पातळ पेचकस घेतो आणि वरच्या पट्टीच्या फटीत सारतो. पट्टी कट्कन निघते. खाली सहा घरं, प्रत्येकावर काळ्या रबराची टोपी. टोप्या तो एकेक करून काढतो आणि त्याच क्रमाने कागदावर मांडतो. मग मोबाईलचा उजेड आत धरतो. आत काचेच्या धाग्यांचं पांढरं अस्तर प्लेटांच्या मधे दाबून बसवलेलं असतं. ॲसिड याच अस्तरात मुरलेलं असतं, आत वाहतं पाणी नसतं. धडधाकट बॅटरीत हे अस्तर ओलं, चकाकतं दिसतं. उन्हाळा खाल्लेल्या बॅटरीत ते खडखडीत, फिक्कट.

“फेकू नका काकाजी, पाह्यतो,” तो म्हणतो आणि सुई काढलेल्या सिरिंजने डिस्टिल्ड वॉटर भरतो. नळाचं नाही, विहिरीचं नाही. आपल्या विहिरींच्या पाण्यातले क्षार प्लेटांचं उरलंसुरलं आयुष्य खातात. एकेका घरात दोन-तीन मिलिलीटर पाणी, थेंब थेंब, अस्तर चकाकेपर्यंतच. वर पाणी साचू द्यायचं नाही. जास्त पाणी झालं तर चार्जिंगला ते ॲसिड घेऊन बाहेर उसळतं. मग बॅटरी रात्रभर तशीच ठेवायची, पाणी मुरू द्यायचं.

दुसऱ्या दिवशीचं दृश्य मला फार आवडतं. बॅटरीला बारीक करंटच्या चार्जरवर लावतात आणि मधे काट्याचा अँपिअर मीटर जोडतात. व्होल्ट भराभर चढतात, पण अँपिअरचा काटा शून्यावरून हलत नाही. नवखा माणूस इथेच हात टेकतो. जाणता माणूस टोप्या सैल ठेवतो, दारं-खिडक्या उघडतो, कारण आतून हायड्रोजन निघत असतो आणि त्याला एक ठिणगीही पुरते. आणि दुसऱ्या कामाला लागतो. दोन तास, चार तास. मग काटा थरथरतो. शून्याच्या पुढे केसभर सरकतो. खडे सुटायला लागलेले असतात, प्लेटीचा एकेक भाग मोकळा होत असतो, आणि जेवढा भाग मोकळा होईल तेवढा करंट बॅटरी घेत जाते. संध्याकाळपर्यंत काटा स्पष्ट उभा असतो. कारागीर तेव्हाही खूश होत नाही. बॅटरी उतरवून रात्रभर मोकळी ठेवतो आणि सकाळी व्होल्ट बघतो.

सकाळचा आकडा खोटं बोलत नाही. एका घराचे साधारण २.१ व्होल्ट, अशी सहा घरं. मीटरवर १२.६, १२.७ दिसले तर बॅटरी उठली. १०.५ च्या आसपास थांबले तर एक घर आतून शॉर्ट झालं आहे, आणि मग पाणी, चार्जर, धीर, कशानेच काही होत नाही. त्याचा निकाल तीन शब्दांत लागतो: “एक सेल गेला.”

उठलेल्या बॅटरीचीही परीक्षा असते. मोटारसायकलचा ३५ वॅटचा जुना बल्ब तिला जोडतात आणि घड्याळ लावतात. हा बल्ब तीनेक अँपिअर ओढतो, म्हणजे नव्या बॅटरीवर तो दोन तासांच्या वर चालायला हवा. उठवलेल्या बॅटरीवर कधी तास, कधी सव्वा तास. मग पुन्हा सावकाश चार्ज, पुन्हा बल्ब. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला वेळ थोडा वाढतो. १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लाँते यांनी शिशाची पहिली पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली, तेव्हा त्यांनीही शिशाच्या साध्या पत्र्यांना असंच चार्ज करून, उतरवून, पुन्हा चार्ज करून ताकदीला आणलं होतं. पांढुर्ण्याच्या बाकड्यावर चाललेलं काम त्याच जातीचं आहे.

पण उठलेली बॅटरी क्वचितच पूर्वीइतकी होते. निम्मी ताकद आली तरी मी ते मोठं मानतो. निम्म्या ताकदीची बॅटरी मोठ्या शेताला पुरत नाही, पण परसातल्या चार संत्र्यांना, वांग्या-मिरच्यांना पुरते. नाहीतर तिला १२ व्होल्टची एलईडी पट्टी जोडावी. ओलिताची लाईन रात्री आली की मोटारीपर्यंतच्या वाटेवर तेवढा उजेड पुष्कळ झाला. चार्जिंगच्या टॉर्चमध्येही पुष्कळदा ४ व्होल्टची शिशाचीच चिमुकली बॅटरी असते. तिचं दुखणंही हेच: पावसाळ्यात रोज हातात, नंतर फळीवर विसरलेली.

काही जण बॅटरीत मॅग्नेशियम सल्फेटचं मीठ टाकतात. माझा त्यावर भरवसा नाही. थोडे दिवस व्होल्ट बरे दिसतात, पण गेलेली प्लेट त्याने परत येत नाही. पाण्याऐवजी नवीन ॲसिड ओतणं तर सरळ चूक आहे. सुकलेलं असतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीलाही हेच लागू आहे. तिच्या टोप्यांवर पाण्याची पातळी दाखवणारे तरंगते खुंट असतात. मे महिन्यात ते दर पंधरवड्याला बघितले आणि टर्मिनलवरची पांढरी बुरशी पुसून व्हॅसलीन लावलं, तर मोठं दुखणं सहसा येतच नाही.

पेन्सिल सेलांची गोष्ट वेगळी. खेळण्यातले, घड्याळातले, जुन्या कॉर्डलेस फोनमधले पुन्हा चार्ज होणारे सेल निकेलचे असतात. निकेल-कॅडमियमचा सेल स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये केला. आता बाजारात बहुधा निकेल-मेटल हायड्राइड मिळतात, १.२ व्होल्टचे. हे सेल मंदावले तर घाईचा चार्जर सोडून सावकाश, चौदा-सोळा तासांचं चार्जिंग द्यावं, एकेक सेल वेगळा उतरवावा, पुन्हा भरावा. दोन-तीन फेऱ्यांत बरेचसे शुद्धीवर येतात. चारातला एकच सेल मरतुकडा निघतो आणि बाकीच्यांना खाली ओढतो, असं पुष्कळदा होतं. तो शोधून बाजूला काढला की उरलेले तीन अजून कामाचे असतात.

लिथियमबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो. आता नवे पंप, टॉर्च, घरातले पंखे लिथियमवर येऊ लागले आहेत. हे सेल फार खोल उतरले की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी बसून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. फुगलेला, चेपलेला, गरम होणारा लिथियम सेल उठवायचा नसतो. पोरांना व्हिडिओ बघून असले प्रयोग करू देऊ नका. ही एक बॅटरी अशी आहे की ती मेली हे मान्य करण्यातच शहाणपण आहे.

शिशाची बॅटरी खरोखर गेली, तर ती घरी फोडायची नाही. अंगणात प्लेटा काढून शिसं वितळवणं हा लेकरांच्या अंगात विष भरण्याचा प्रकार आहे. शिसं हाडांत साठतं आणि मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. ॲसिड नालीत ओतलं तर ते शेवटी जाममध्ये किंवा कन्हानमध्येच जाणार. जुनी बॅटरी परत घेऊन नवीच्या किमतीतून पैसे वळते करणारे दुकानदार इथे आहेत, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. अख्खी बॅटरी अख्खीच परत करा.

आणि या साली उलंगवाडी झाली की एवढं करा. पंप साध्या पाण्याने धुवा, दोन टाक्या नुसतं पाणी मारून औषध काढून टाका. बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि तिची एक वायर सोडवून ठेवा. टिनाखाली टांगू नका, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा, पोरांच्या हाताबाहेर. दर अमावास्येला तिला एक रात्र चार्जर लावा. पोळ्याची अमावास्या तर कोणी विसरत नाही. मधल्या अमावास्याही धरा, म्हणजे जुलैच्या पहिल्या उघाडीला दुकानासमोर उभं राहावं लागणार नाही.