अंकुश: होटगीतली टिपणे

गाईच्या सडावरची चामखीळ आणि शाळकरी पोराच्या बोटावरची चामखीळ यांचे विषाणू वेगळे, घराणं एकच: पॅपिलोमा. आपल्याकडे चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात. पुष्कळ चामखिळी काही महिन्यांनी आपोआपच जातात आणि श्रेय केसाला मिळतं. जायच्या आधी मात्र विषाणू पुढच्या बोटावर पोचलेला असतो. त्याला तेवढंच हवं असतं.

*

या विषाणूचा सगळा संसार म्हणजे डीएनएचं एक गोल कडं, साधारण ८,००० अक्षरांचं. माणसाची अक्षरं ३०० कोटी. कड्यात आठेक जनुकं, दाटीवाटीनं, काही तर एकमेकांवर चढलेली. एवढ्या टंचाईतही माणसाच्या पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) १६ क्रमांकाच्या प्रकारानं, एचपीव्ही-१६ नं, सुमारे ८५० अक्षरं अशी राखून ठेवली आहेत की त्यांतून एकही प्रथिन बनत नाही. होटगी जंक्शनात विजापूरचा फाटा निघतो तिथल्या केबिनसारखी ही जागा: माल इथून जात नाही, पण कुठली गाडी कधी सोडायची हे इथूनच ठरतं.

*

तिथली माणसं बहुतेक यजमानाची. एपी-१, एसपी-१, ऑक्ट-१ ही आपल्याच पेशीतली नियंत्रक प्रथिनं त्या ८५० अक्षरांवर येऊन बसतात. प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांना दाद देणाऱ्या खुणाही त्यात आहेत. विषाणूचं स्वतःचं मुख्य माणूस एकच: ई-२ नावाचं प्रथिन. ते बारा अक्षरांची एक ठरावीक खूण ओळखून बसतं.

*

उत्क्रांतीची गंमत इथे आहे. गाईच्या बीपीव्ही-१ विषाणूच्या नियंत्रक भागात ई-२ च्या खुणा डझनभर. तिथे ई-२ मुख्यतः जनुकांना जोर देतं. माणसाच्या जननमार्गातल्या प्रकारांत खुणा चारच, आणि त्यांच्या जागा प्रकार बदलला तरी फारशा हलत नाहीत. त्यांतल्या दोन जनुक सुरू होण्याच्या जागेला इतक्या खेटून आहेत की ई-२ तिथे बसलं की पेशीच्या यंत्रणेला बसायला जागाच उरत नाही. प्रथिन त्याच कुळातलं, खूण तीच; जागा सरकली आणि जोर देणाराच लगाम खेचणारा झाला.

*

माशांतही पॅपिलोमा विषाणू सापडले आहेत. त्यांच्याकडे ई-१, ई-२, एल-१, एल-२ एवढीच मूळ पुंजी. पेशीला वाढायला चिथावणारी ई-६ आणि ई-७ ही जनुकं, ज्यांचा लगाम ई-२ खेचतं, ती नंतरची भर. अंकुश आधीचा, हत्ती मागून आला.

*

मग एचपीव्ही-१६ सारख्या प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो तो कशाला? विषाणूला त्याचा काडीचा फायदा नाही. कधी कधी डीएनएचं कडं तुटून यजमानाच्या गुणसूत्रात घुसतं आणि त्यात बहुधा ई-२ चंच जनुक मोडतं. ई-६ आणि ई-७ मोकाट सुटतात, पेशीचे पी-५३ आणि आरबी हे राखणदार निकामी करतात. अशा पेशीतून नवा विषाणू बाहेर पडत नाही. बाईचा जीव जातो, विषाणूचा वंशही तिथेच खुंटतो.

*

हे व्हायला संसर्गापासून बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. ती वर्षं आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीनं वापरून दाखवली. तिथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांनी १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. एका गटाची एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच झाली. आठ वर्षांत त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं ३४ मृत्यू. तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच गटात ६४. त्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे टीका झाली, आणि ती रास्त होती. पण एका चाचणीनं एवढं साधलं ते विषाणू इतकी वर्षं दबून राहतो म्हणून.

*

हळद. भूदेव दास आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की हळदीतल्या कुर्क्युमिननं हीला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींतलं, नियंत्रक भागावर बसणारं एपी-१ मंदावतं आणि त्याबरोबर एचपीव्हीच्या जनुकांचं वाचनही. ही बशीतल्या पेशींची गोष्ट. हळदीच्या दुधावर कुणी तपासणी टाळू नये.

*

एल-१ हे विषाणूच्या कवचाचं प्रथिन. त्याचं जनुक पेशी क्वचितच वापरते अशा त्रिअक्षरींत लिहिलेलं, त्यामुळे त्वचेच्या किंवा गर्भाशयमुखाच्या अस्तराच्या खालच्या थरातल्या पेशींत ते जवळजवळ वाचलंच जात नाही. कवच बनतं ते वरच्या, झडायला आलेल्या थरात. तिथे रक्त पोचत नाही, म्हणून शरीराच्या पहाऱ्याला पत्ता लागत नाही.

*

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०२३ मध्ये बाजारात आलेली सर्व्हाव्हॅक लस हेच एल-१ शरीराला आधीच दाखवते. ज्यांच्या खालच्या थरात विषाणू आधीच बसला आहे त्यांना त्या संसर्गापुरता तिचा उपयोग नाही, कारण त्या पेशी एल-१ दाखवतच नाहीत. म्हणून एकाच घरात लेकीला लस हवी आणि आईला बार्शीची ती चाचणी. एकीवर दुसरीचं भागत नाही.