बागुलबुवाचा बोलपट

मुलांना भुताच्या गोष्टी सांगाव्यात की सांगू नयेत, या प्रश्नावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. चिरंजीव म्हणतात, मुळीच सांगू नयेत. सूनबाई म्हणतात, सांगाव्यात, पण दिवसाउजेडी. चिरंजीवांचे बिऱ्हाड अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात. गेल्या वर्षी आम्ही तेथे मुक्कामास असताना हा वाद विशेष रंगला, कारण ऑक्टोबरची 31 तारीख जवळ आली होती. त्या रात्री तिकडची मुले भुतांची सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागत हिंडतात आणि मोठी माणसे भयपट पाहत बसतात. आमचा नातू सात वर्षांचा. सोंग घेण्याची त्याला मोठी हौस, पण दिवा मालवून निजावयाची मात्र तयारी नाही. कपाटात कोणीतरी आहे, असे त्याचे म्हणणे. चिरंजीव रोज रात्री कपाट उघडून दाखवीत, ‘बघ, काही नाही,’ असे सांगत आणि दिवा मालवीत. पाच मिनिटांनी दिवा पुन्हा लागे.

अशा मुलाला भुतांचा बोलपट दाखवावा, ही सूचना आमची. चिरंजीवांनी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचे वर्णन न केलेलेच बरे. पण सुचवलेला बोलपट साधा नव्हता. 1948 सालचा, बड ॲबट व लू कोस्टेलो या विनोदी जोडीचा होता. चार्ल्स बार्टन हे त्याचे दिग्दर्शक. नावात फ्रँकेन्स्टाइनची भेट आहे. प्रत्यक्षात त्याच्या राक्षसाबरोबर ड्रॅक्युला आणि लांडगा-माणूसही येतो. पैकी पहिला मेरी शेलीबाईंच्या 1818 च्या कादंबरीतला, दुसरा ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 च्या; तिसरा बिचारा निव्वळ पडद्यावरच जन्मलेला. पौर्णिमेचा चंद्र उगवला की याचा लांडगा होतो. कोजागिरीला दूध आटवणाऱ्या आम्हां लोकांस पूर्णचंद्राचे हे भय प्रथम पटतच नाही. आमची भुते अमावास्येची.

कथा थोडक्यात अशी. चिक आणि विल्बर हे सामानाच्या कचेरीतले दोन कारकून. त्यांच्याकडे दोन पेट्या येतात. एकीत ड्रॅक्युला, दुसरीत तो राक्षस. राक्षसाला आज्ञाधारक करावयाचे, तर त्याच्या डोक्यात साधाभोळा मेंदू बसवला पाहिजे. आणि विल्बरइतका साधा मेंदू दुसरा कोणाचा? पेट्या भयागारात पोचवल्यावर विल्बर एकटा सापडतो. शवपेटीचे झाकण आतून हळूच उचलले जाते आणि त्यावर ठेवलेली मेणबत्ती सरकू लागते. विल्बरच्या तोंडून शब्द फुटत नाही; नुसती हवा निघते. चिक धावत येतो, तो सारे जागच्या जागी! पुन्हा तो जातो, पुन्हा मेणबत्ती सरकते. प्रेक्षक लोळतात.

आमचा नातू मात्र हसला नाही. त्याने आमचा हात घट्ट धरला होता. चिरंजीव उठून यंत्र बंद करणार, इतक्यात तो रागाने म्हणाला, “आजोबा, याचं कुणी ऐकतच नाही!”

हे वाक्य आम्हांस फार मोलाचे वाटले. विल्बरचे खरे दुःख ड्रॅक्युला हे नव्हे; आपण पाहिले ते सांगितले असता जिवलग मित्राने वेड्यात काढावे, हे आहे. लांडगा-माणूस लॅरी टॅलबट त्याच्यावर विश्वास ठेवतो खरा, पण तो स्वतःच लांडगा होतो! लंडनहून दूरध्वनीवर सावधगिरीची सूचना देता देता तो गुरगुरू लागतो, आणि विल्बर त्यालाच रागावतो की, आधी तुमचा कुत्रा दूर न्या. येथे नातू खदखदून हसला, आणि चिरंजीव खाली बसले.

या बोलपटाची खुबी अशी की, त्यात भुतांची टवाळी नाही. ड्रॅक्युला झालेले बेला लुगोसी, लांडगा झालेले धाकटे लॉन चेनी आणि राक्षस झालेले ग्लेन स्ट्रेंज, तिघेही आपापले काम गंभीरपणे करतात. भूत खरे, म्हणून भिणारा खरा, म्हणून हसू खरे. आरशात ड्रॅक्युलाचे प्रतिबिंब दिसू नये, पण येथे एकदा स्वच्छ दिसते. ते आम्ही नातवाला सांगितले नाही. लुगोसींनी पूर्ण लांबीच्या बोलपटांत ही भूमिका दोनदाच केली. 1931 साली आणि ही. 1956 साली ते वारले, तेव्हा त्यांना ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरण्यात आले.

कोस्टेलोंविषयी एक गोष्ट मुलांदेखत सांगण्यासारखी नाही. 1943 साली त्यांचा एकुलता मुलगा पहिल्या वाढदिवसापूर्वी घरच्या तलावात बुडून गेला, आणि त्याच रात्री त्यांनी आकाशवाणीवरचा आपला विनोदी कार्यक्रम केला. ते डोळे विस्फारून किंचाळतात तेव्हा ही हकीगत आमच्या मनातून जात नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2001 साली या बोलपटास जतनीय चित्रपटांच्या यादीत घेतले, याचे आम्हांस नवल नाही.

त्या रात्री चिरंजीवांनी कपाट उघडले, पण ‘काही नाही’ म्हटले नाही. “कसा दिसतो तो?” असे विचारले. नातवाने शिंगांसह सारे वर्णन पाऊण तास केले. दिवा मालवला की नाही, ते आम्ही पाहण्यास गेलो नाही. सूनबाईंनी आम्हांस झोपावयास धाडले होते.

सकाळी नातवाला फक्त शेवट पुन्हा पाहावयाचा होता. सर्व भुते संपली, आता भिववणारा कोणी उरला नाही, असे चिक म्हणतो, तोच होडीतून अदृश्य मनुष्याचा आवाज येतो आणि दोघेही पाण्यात उड्या टाकतात. तो आवाज व्हिन्सेंट प्राइस यांचा. श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. नातवाने ते दृश्य चार वेळा लावावयास लावले, आणि दर वेळी रिकाम्या होडीत तो माणूस नेमका कोठे बसला आहे, हे बोटाने दाखवले.