स्वस्त वस्तूची खरी किंमत

महागडा मोबाइल, लॅपटॉप किंवा कॅमेरा वापरलेला घेण्यात कमीपणा नाही. एकाला नको असलेली वस्तू दुसऱ्याच्या उपयोगी पडावी, हे अपरिग्रहाच्या भावनेला धरूनच आहे. परंतु ऑनलाइन जाहिरातींच्या बाजारात विक्रेत्याचा चेहरा दिसत नाही आणि तेथे विवेकाची कसोटी लागते.

एका निवृत्त गुरुजींना महाविद्यालयात जाणाऱ्या नातीसाठी चांगला मोबाइल हवा होता. नवा घेणे निवृत्तिवेतनात बसणारे नव्हते. पहिली जाहिरात निम्म्या किमतीची निघाली. विक्रेता स्वतःला सैन्यातील जवान म्हणवीत होता. बदली झाल्याने वस्तू कुरिअरने पाठवतो म्हणाला, ओळखपत्राचे छायाचित्रही त्याने धाडले. मग आगाऊ रकमेची मागणी आणि "दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे" अशी घाई. गुरुजींनी समक्ष भेटीचा आग्रह धरताच त्याचा फोन बंद झाला. अवास्तव किंमत, घाई, भेटीस नकार आणि आगाऊ पैसे ही लक्षणे एकत्र दिसली की थांबावे. विकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही.

खरी परीक्षा पुढे झाली. दुसरा विक्रेता समक्ष आला. मोबाइल उत्तम चालत होता, किंमतही माफक होती. मात्र बिल नव्हते आणि त्यावरील आधीच्या मालकाचे खाते त्याला काढता येईना. "बाजारात थोड्या पैशांत काढून देतात, काका," तो म्हणाला. नात आशेने पाहत होती. येथे गुरुजींचे पैसे कदाचित बुडाले नसते. परंतु तो मोबाइल शोधणारा कोणी दुसरा असू शकत होता. त्यांनी तो परत केला. नात दोन दिवस अबोल राहिली.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरून आणलेली वस्तू घेणे, म्हणजे 'तदाहृतादान', हा त्यांपैकी एक. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसारही गुन्हा आहे.

पडताळणी अवघड नाही. मोबाइलवर *#०६# दाबल्यास १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. केंद्र शासनाच्या 'संचार साथी' सेवेवर तो तपासावा. चोरीची नोंद होऊन बंद केलेला मोबाइल तेथे कळतो. क्रमांक बिलाशी जुळवावा, विक्रेत्याला त्याचे खाते समोरच काढायला लावावे, पैसे वस्तू हाती आल्यावरच द्यावेत. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

जुनी वस्तू घेताना 'आपण फसणार नाही ना?' हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. श्रावकाने 'ही वस्तू कोणाची?' हेही विचारावे आणि समाधानकारक उत्तर मिळाल्यावरच पैसे मोजावेत.