‘सिस्टीम घेत नाही’ म्हणजे नेमके कोण घेत नाही?

गेली बारा वर्षे मी वस्तीपातळीवर काम करते आहे. या काळात ‘सिस्टीम घेत नाही’ हे वाक्य जितक्या वेळा कानावर आले, तितके दुसरे कुठलेही आले नसेल. रेशन दुकानात, सेतू केंद्रात, बँकेच्या खिडकीवर, महाविद्यालयाच्या कार्यालयात. बोलणारा माणूस समोर बसलेला असतो, पण नकार देणारा तो नसतो. नकार सिस्टीमचा असतो. तिला तोंड नाही, तिला निवेदन देता येत नाही आणि तिच्यावर मोर्चाही नेता येत नाही.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हे वाक्य फार ओळखीचे वाटते. आपल्या आजी-आजोबांना पाणवठ्यावर अडवणाराही म्हणत असे, ‘मी कुठे अडवतोय? शास्त्रातच तसं आहे.’ अन्याय करणाऱ्याला नेहमी कुणाच्यातरी आड उभे राहायचे असते. तेव्हा शास्त्र होते, मग ‘वरून आदेश’ आले, आता सिस्टीम आली. पण शास्त्र आकाशातून पडले नव्हते, ते माणसांनी लिहिले होते. सिस्टीमही माणसेच लिहितात. ती लिहिणाऱ्यांत आज आपली मुले-मुली आहेत, आणि वापरणाऱ्यांत तर आपण सगळेच आहोत. म्हणून माहिती तंत्रज्ञानातल्या नीतीचा प्रश्न हा फक्त कंपन्यांचा प्रश्न नाही, तो आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

एक अनुभव सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एका मुलीला एका खासगी महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा होता. ऑनलाइन अर्जात धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ निवडले की पुढच्या जातीच्या यादीतून अनुसूचित जातीचा पर्यायच नाहीसा व्हायचा. उरायचा फक्त अल्पसंख्याक. ‘हिंदू’ निवडले की पर्याय परत यायचा. कार्यालयातल्या बाईंनी सल्ला दिला, ‘मग हिंदू टाका ना, काय फरक पडतो?’ मुलीची आई म्हणाली, ‘माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली ती खोडायची का?’ अर्ज अडला आणि पूर्ण फी भरण्याची नोटीस आली. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा देणारी दुरुस्ती संसदेने १९९० साली केली आहे. म्हणजे तीस वर्षांहून जुना कायदा त्या एका यादीत गाडला गेला होता, आणि गाडणारा कोण हे कुणालाच सांगता येत नव्हते.

पाठपुरावा करत करत मी ती प्रणाली बनवणाऱ्या छोट्या कंपनीपर्यंत पोहोचले. फोनवर एक तरुण होता. दहा मिनिटे मी कायदा समजावून सांगत होते आणि तो शांतपणे ऐकत होता. शेवटी हळू आवाजात म्हणाला, ‘ताई, मला हे माहीत आहे. मी आपलाच आहे. अर्ज बनवतानाच लक्षात आलं होतं. पण दिलेल्या मागणीपत्रकात ते नव्हतं, आणि मी बोललो असतो तर ऑफिसात माझी जात कळली असती.’ दोन दिवसांत त्याने ती यादी दुरुस्त केली. दुरुस्तीला अर्धा तास पुरला असेल. पण तोपर्यंत किती मुलांनी ‘हिंदू’ लिहून टाकले आणि किती अर्ज न भरताच घरी बसली, याची नोंद कुठल्याच सिस्टीममध्ये नाही.

या तरुणाला दोष देणे सोपे आहे. मला तो द्यायचा नाही. पण त्याच्या गप्प बसण्याची किंमत काय असते, हे मात्र नीट पाहायला हवे.

ब्रिटनच्या टपाल खात्याचे उदाहरण घ्या. तिथे १९९९ पासून शाखांचा हिशोब ठेवण्यासाठी ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवण्यात आली. ती फुजित्सू या कंपनीने पुरवली होती. प्रणालीतल्या चुकांमुळे शाखांच्या हिशोबात खोटी तूट दिसू लागली. खात्याने मशीनवर विश्वास ठेवला आणि माणसांवर चोरीचे खटले भरले. २०१५ पर्यंत सातशेहून अधिक शाखाचालकांवर खात्याने स्वतः खटले चालवले. त्यांत भारतीय वंशाचेही अनेक होते. कुणी तुरुंगात गेले, कुणाचे घर गेले, काहींनी जीव दिला. शाखांच्या हिशोबात बाहेरून बदल करता येतात, हे प्रणाली सांभाळणाऱ्यांना माहीत होते, आणि खाते मात्र असे होऊच शकत नाही म्हणून सांगत राहिले. प्रणालीत दोष असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला आणि शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द करण्यासाठी संसदेला २०२४ साली वेगळा कायदा करावा लागला. माहीत असलेल्यांनी वेळेवर तोंड उघडले असते तर वीस वर्षांची ही वाताहत टळली असती.

‘साहेबांनी सांगितलं, मी कोड लिहिला’ ही सबबही आता टिकत नाही. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांत असे सॉफ्टवेअर बसवले होते की प्रदूषणाची चाचणी चालू आहे हे गाडी ओळखायची आणि तेवढ्यापुरता धूर कमी सोडायची. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते होते. २०१५ मध्ये हे उघडकीस आले आणि २०१७ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने कंपनीचा अभियंता जेम्स लियांग याला ४० महिन्यांची शिक्षा सुनावली. तो कंपनीचा मालक नव्हता. काम अंगावर घेणारा एक तंत्रज्ञ होता.

आपल्याकडे डॉक्टरला वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी करावी लागते. वकिलाने अशिलाला फसवले तर बार कौन्सिल त्याची सनद काढून घेऊ शकते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला अशी सनद नाही. त्याच्या हातून लाखो लोकांचे रेशन, शिष्यवृत्ती, कर्ज आणि नोकरी जाते-येते, पण त्याला जाब विचारणारी व्यावसायिक संस्था नाही. कंपन्यांत वर्षातून एकदा आचारसंहितेचे ऑनलाइन प्रशिक्षण होते. वीस पडदे पुढे ढकलायचे, दहा प्रश्नांची उत्तरे द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचे. त्यात पासवर्ड कुणाला देऊ नका, भेटवस्तू घेऊ नका, कंपनीची माहिती बाहेर नेऊ नका, एवढे असते. कंपनीचे नुकसान होऊ नये याचीच ती संहिता असते. ज्याचा अर्ज अडला त्या मुलीचे नुकसान त्यात कुठेच बसत नाही.

इथे बाबासाहेबांनी केलेला एक भेद उपयोगी पडतो. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात त्यांनी नियम आणि तत्त्व वेगळे केले आहेत. त्यांच्या मांडणीचा आशय असा, की नियम माणसाला काय करायचे ते सांगतो आणि तत्त्व त्याला विचार करायला लावते. जो फक्त नियम पाळतो त्याच्यावर कृतीची जबाबदारी येत नाही, तत्त्वाने चालणाऱ्यावर मात्र ती येते. बाबासाहेब हे धर्माबद्दल बोलत होते. पण मागणीपत्रकात नव्हते म्हणून केले नाही, हे नियमाने चालणाऱ्याचे उत्तर आहे. यात कुणाचे नुकसान होईल हा प्रश्न तत्त्वाने चालणारा विचारतो.

भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. शस्त्रांचा, माणसांचा, विषाचा, मद्याचा व्यापार करू नये, असे ते उपासकांना सांगतात. ब्राह्मणी व्यवस्थेने कामाची उच्चनीचता ते काम कोणाच्या वाट्याला आले यावरून ठरवली. बुद्धांनी कामाचा इतरांवर काय परिणाम होतो एवढेच पाहिले. या कसोटीवर गटार साफ करणारा माणूस निर्मळ ठरतो. आणि कर्ज देणाऱ्या ॲपमधून ग्राहकाच्या फोनमधले सगळे नंबर चोरून त्याच्या नातेवाइकांना धमक्या द्यायची सोय करून देणारा, वातानुकूलित कचेरीत बसलेला तरुण नापास होतो. पॅकेज कितीही असो.

आता त्या तरुणाच्या भीतीकडे येऊ. ती खोटी नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, ॲट्रॉसिटीच्या कायद्याचा धाक तिथे पोहोचत नाही आणि आडनावावरून जात काढण्याचा खेळ कॅन्टीनमध्ये रोज चालतो. साता समुद्रापार गेले तरी तो सुटत नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीवर एका दलित अभियंत्याशी जातिभेद केल्याचा दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले आणि २०२३ मध्ये दोन वरिष्ठांवरचा दावा मागे घेतला गेला. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत जातिभेदावर बंदी घालणारे सिएटल हे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. जिथे आपला अभियंता जात लपवून जगतो, तिथे त्याने एकट्याने उभे राहून व्यवस्थेला आव्हान द्यावे, अशी अपेक्षा करणे हा आपला भाबडेपणा आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की व्यावसायिक नीती ही एकट्याच्या धैर्यावर सोडता कामा नये. काही गोष्टी मात्र आजच करता येतात. अन्याय दिसला तर तो जातीच्या भाषेत मांडलाच पाहिजे असे नाही. बौद्ध निवडल्यावर अनुसूचित जात दिसत नाही, हा प्रणालीतला दोष आहे, त्याची दोष म्हणून लेखी नोंद करा, सोबत कायद्याचा क्रमांक जोडा. लेखी नोंद राहिली की उद्या ‘आम्हाला माहीतच नव्हते’ असे कुणाला म्हणता येत नाही. नोंद करणे शक्य नसेल तर बाहेरच्या कार्यकर्त्याला तो दोष नजरेस आणून द्या, आम्ही बाहेरून पत्र देऊ. मात्र एक पथ्य पाळा. दोष सांगा, लोकांची खासगी माहिती बाहेर काढू नका. पुण्यात आणि बेंगळुरूत आयटी कामगारांच्या संघटना आहेत, त्यांत जा. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी कामगारांच्या हक्कांसाठी कायदे उभे केले, आणि आपली शिकलेली मुले मात्र स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाजतात. आणि जे सवर्ण सहकारी स्वतःला पुरोगामी म्हणवतात, त्यांना जात कळण्याची भीती नाही. पहिला आवाज त्यांनी काढावा.

इतके झाल्यावर बोट स्वतःकडेही वळवू. सॉफ्टवेअर लिहिणारे थोडे, वापरणारे सगळे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात, बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते, भिक्षा मागायला आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज त्या भागात हातोहात फिरला होता. तो पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणीही काठी उचलली नसेल. बहुतेकांना वाटले असेल की आपण लोकांना सावध करतो आहोत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसे गेल्यावर.

आपले गट याहून वेगळे आहेत का? अत्याचाराची घटना घडली की तासाभरात पीडित मुलीचा फोटो, तिचे नाव, गाव आणि एफआयआरची प्रत गटागटांत फिरू लागते. हेतू न्यायाचा असतो. पण बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि बालिका असेल तर पॉक्सोचे कलम २३ लागते. कायदा बाजूला ठेवला तरी ती मुलगी उद्या शाळेत जाणार आहे, हे विसरून चालणार नाही. तिच्या वेदनेवर आपला संताप उभा करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

तीच गोष्ट कागदपत्रांची. शिष्यवृत्तीच्या याद्या आधार क्रमांक आणि बँक खात्यांसह गटावर टाकल्या जातात. महाडीबीटीचा अर्ज भरून देणारा नेट कॅफेवाला स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो, पासवर्ड स्वतःकडे ठेवतो आणि पुढच्या वर्षी विद्यार्थी त्याच्या दारात अडकतो. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. तो अधिकार बंगल्यात राहणाऱ्यांसाठीच नाही. ज्यांचे घर एका खोलीचे आहे त्यांना त्याची गरज जास्त आहे. आणि बाबासाहेबांच्या नावावर कुणीतरी रचलेली वाक्ये त्यांच्या फोटोखाली छापून फिरवणे, हे ‘मुसावादा वेरमणी’ रोज म्हणणाऱ्यांना शोभत नाही. ते वाक्य कुठल्या भाषणातले, कुठल्या खंडातले, एवढे विचारले तरी अर्धे मेसेज जागीच थांबतील.

आमच्या वस्तीच्या विहारात आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्ज भरायला मदत होते. नियम तीनच आहेत. मोबाईल नंबर विद्यार्थ्याचा, पासवर्ड विद्यार्थ्याच्या वहीत, आणि काम झाल्यावर आमच्या संगणकातली कागदपत्रे त्याच्यासमोर पुसायची. आयटीत काम करणारी चार मुले-मुली येतात. त्यांच्यापैकी एकीने सिस्टीम जिथे जिथे ‘घेत नाही’ त्याची वही ठेवली आहे. तारीख, कार्यालय, पडद्यावर आलेला मजकूर आणि अडलेल्या माणसाला बसलेला फटका. नाव मात्र कुणाचेच नाही. अशी वही प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत ठेवायला हवी. ज्यांना ती सुरू करायची आहे त्यांनी आपल्या वस्तीतला एक आयटीवाला आणि एक नेट कॅफेवाला सोबत घ्यावा, आणि येत्या रविवारीच बसावे.

जय भीम!