एल.ए.चे डोंगर दिसले का?

ऑनसाइटला गेलेला मराठी मुलगा लॉस एंजेलिसमध्ये पहिल्या वीकएण्डला काय करतो? हॉलिवूड साइनसमोर फोटो काढतो! मीही काढला. पण ग्रिफिथ ऑब्झर्व्हेटरीच्या गच्चीवर माझ्यासोबत आलेले काका भलतीकडेच बघत होते. दूरवरच्या सॅन गॅब्रिएल डोंगरांकडे.

"आज दिसतायत," ते म्हणाले. "आम्ही आलो तेव्हा ऐन उन्हाळ्यात डोंगर गायबच असायचे."

काका मूळचे ठाण्याचे. १९७४ साली इथे आले आणि घर घेतलं रिव्हरसाइडला, एल.ए.च्या पूर्वेला तास-सव्वा तासावर. हवा बिघडली की शाळेत मुलांना मैदानावर सोडत नसत. त्यांच्या मुलाला दम लागायचा. "गंमत बघ," काका म्हणाले, "गाड्या एल.ए.च्या, वारा समुद्राचा आणि खोकला आमचा!"

या शहराला स्मॉगचा पहिला जोरदार दणका बसला जुलै १९४३मध्ये. डोळे इतके चुरचुरले की लोकांना वाटलं, जपानने गॅस सोडला! १९५०च्या सुमारास कॅलटेकच्या हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने खरा गुन्हेगार पकडला. गाड्यांचा धूर आणि रिफायनऱ्यांच्या वाफा उन्हात शिजून ओझोन तयार होत होता. तिन्ही बाजूंना डोंगर, मग तो जाणार कुठे?

धूर एकाचा आणि त्रास दुसऱ्याचा, हे कळल्यावर एकट्या शहराने प्लॅन करून काय उपयोग? म्हणून १९७७ साली लॉस एंजेलिस, ऑरेंज, रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो या चार काउंट्यांच्या हवेसाठी मिळून एकच यंत्रणा कामाला लागली. हवा किती स्वच्छ हवी, आपण किती मागे आहोत, कुणी किती धूर कधीपर्यंत कमी करायचा, याचा सगळ्यांसाठी एकच आराखडा. गाड्यांचे कडक नियम राज्याने केले. १९७५पासून नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. डोंगर पुन्हा दिसू लागले ते असे.

अर्थात, सगळं ऑल इज वेल नाही. ७० पीपीबी हे ओझोनचं २०१५चं मानक अजून गाठलेलं नाही. बंदरातून माल घेऊन निघालेले ट्रक काकांच्याच भागातल्या गोदामांकडे धावतात.

"तुमच्याकडे कसं आहे रे?" काकांनी विचारलं आणि मी गप्प झालो.

मी बदलापूरचा. माझी चार वर्षांची भाची हिवाळ्यात निम्मे दिवस नेब्युलायझर लावून बसते. बारीक धुळीचं, म्हणजे पीएम २.५चं, आपलं वार्षिक मानक ४०. जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून म्हणते, ५! स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९मध्ये सुरू झाला, पण यादी शहरांची. मुंबई वेगळी, नवी मुंबई वेगळी, उल्हासनगर वेगळं, बदलापूर वेगळं. अनेक शहरं-जिल्ह्यांच्या हवेसाठी मिळून कायद्याने एक आयोग नेमला तो फक्त दिल्ली परिसरासाठी, २०२१च्या कायद्याने.

आमची लोकल मात्र या हद्दी तासाभरात ओलांडते. वारा तर पासही काढत नाही!

परत आल्यावर भाचीने विचारलं, "मामा, काय आणलंस?" चॉकलेटं दिली. मग तिला कडेवर घेऊन गच्चीवर गेलो, आपले डोंगर दाखवायला.

त्या सकाळी ते दिसले नाहीत.