रांगेतली फट

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. त्या दिवसांत आम्ही कंधारहून लोह्यामार्गे तिकडेच निघालो होतो. पुढे वाहनांची रांग खोळंबली होती. तेवढ्यात उजवीकडून एक जीप धुरळा उडवीत पुढे गेली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. समोरून ट्रॅक्टर आला. आता जीपांना मागे फिरायला जागा नव्हती आणि रांगेत शिरायला फट नव्हती. तिघांच्या घाईने दोन्हीकडची वाट बंद झाली.

आम्ही संतापलो. शेजारच्या जीपला तसूभरही जागा द्यायची नाही, अशा निश्चयाने पुढच्या गाडीला अधिकच चिकटलो. मग ट्रॅक्टरच्या मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला आणि आम्ही वरमलो. कोंडी त्यांनी केली होती हे खरे. ती टिकवून मात्र आम्ही धरली होती, तीही न्यायाच्या नावाने.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८४, २०१९च्या दुरुस्तीनंतर, बेकायदा ओव्हरटेक करणे धोकादायक वाहन चालवण्यातच मोडते असे स्पष्ट सांगते. घुसणाऱ्याला दंड हवाच. परंतु घुसलेल्याला फट देण्याचे शहाणपण कोणत्या कलमात लिहावे?

मागच्यांना हात करून आम्ही चार हात मागे सरलो. जीप आत आली, ट्रॅक्टर सरकला, रुग्णवाहिका निघून गेली. जीपवाल्याने आमच्याकडे वळूनही पाहिले नाही. त्याने पाहावे असे आम्हांला इतके का वाटत होते, हे लोहा येईपर्यंत उमगले नाही.