मखमलीचं चाक

मेटॅलोग्राफीच्या लॅबमध्ये दिवसभर प्रॅक्टिकल आणि व्हायवा चालतात. त्या गलबल्यात हे पॉलिशिंगचं यंत्र कुणाच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी सहानंतर मात्र लॅब त्याची होते. दोन चकत्या, दोन नळ, मध्ये स्विच. डावीकडे एमरी पेपर, उजवीकडे मखमल. अंगावरचा रंग नळाजवळ उडालेला, कडेला ॲल्युमिनाचा पांढरा साका वाळलेला. पलीकडच्या खोलीत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप एसीत असतो आणि पाहुणे आले की त्यांना तिकडे नेतात. पण त्या खोलीत जाणाऱ्या सॅम्पलला आधी या चाकापुढे उभं राहावं लागतं, आणि इथे वशिला चालत नाही.

नोकरी सांभाळून एम.टेक. करणारे आम्ही याचे खरे सोबती. फर्स्ट शिफ्ट सुटली की चाकणहून ट्रॅफिक कापत पुणं गाठायचं, उभ्याउभ्या चहा घ्यायचा आणि लॅबमध्ये शिरायचं. पूर्णवेळ मुलांचं दोन वर्षांत होतं. गेट परीक्षेच्या जोरावर त्यांना महिन्याला १२,४०० रुपये शिष्यवृत्तीही मिळते. आमचं तीन वर्षं चालतं आणि फी पगारातून जाते. पण एक गोष्ट आमच्याकडे असते जी त्यांच्याकडे नसते. गेटपास करून आणलेला, खऱ्या भट्टीतून निघालेला पोलादाचा तुकडा.

आमच्यातला एक जण हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये आहे. त्याचा तुकडा म्हणजे ट्वेंटी एमएन सीआर फाइव्हच्या गिअरचा कापलेला दात. नऊशे तीसच्या आसपास तापमानावर त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवलेला आहे, मग दात तेलात विझवलेला आहे. शॉपमध्ये या दाताला फार थोडं विचारतात. केस डेप्थ किती, म्हणजे ५५० व्हिकर्सपर्यंतचा कडकपणा किती खोल गेला, आणि वरचा कडकपणा किती. आकडे बसले की सही, आणि माल गाडीत. त्यात चूक काहीच नाही, कारखाना असाच चालतो. तोच दात बेकलाइटच्या वडीत बसून लॅबमध्ये आला की त्याला वेगळे प्रश्न विचारायचे असतात. आणि ते विचारण्याआधी चाकाचं समाधान करावं लागतं.

चाकाचा क्रम ठरलेला आहे. वन झीरो, टू झीरो, थ्री झीरो, फोर झीरो. प्रत्येक पेपरवर सगळे ओरखडे एकाच दिशेला यायला हवेत. पेपर बदलला की सॅम्पल नव्वद अंशात फिरवायचं आणि जुन्या दिशेची शेवटची रेघ जाईपर्यंत घासायचं. प्रत्येक वेळी सॅम्पल आणि बोटं दोन्ही धुवायची, कारण नखाखाली अडकलेला जाड पेपरचा एक कण मखमलीवर गेला तर पुढच्या सगळ्यांची सॅम्पल ओरखडतात. दिवसभर सुपरवायझर, ग्राहक आणि ऑडिट यांच्या तालावर धावलेल्या माणसाला इथे धावता येत नाही. सहाणेवर चंदन उगाळावं तसा हात समजुतीनं चालवावा लागतो. जोर दिला की सॅम्पल उडतं, कंटाळून सैल धरलं की एका बाजूला झुकतं आणि तिरका दुसरा पृष्ठभाग तयार होतो.

मखमलीवर आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. पाच मिनिटांत दात आरशासारखा चमकतो आणि नवख्या माणसाला वाटतं, झालं. पण धातू तन्य असतो. घासताना त्याचा अगदी वरचा थर पसरतो आणि खालच्या रेघा झाकून टाकतो. दोन टक्के नायटल हे आम्ली द्रावण लावलं की काही सेकंदांत चमक मावळते, पसरलेला थर विरघळतो आणि थ्री झीरोवरची राहून गेलेली रेघ जशीच्या तशी वर येते. लॅबचे मामा लांबून सांगतात, "साहेब, मखमलीवर रेघ जात नसते. थ्री झीरोवर परत जावा." पदवी त्यांच्याकडे नाही, पण या बाबतीत गाइडसुद्धा त्यांचं ऐकतात. सॅम्पल एकाच दिशेला धरून ठेवलं तर पोलादातल्या प्रत्येक कणामागे धूमकेतूची शेपटी उमटते, म्हणून ते चाकाच्या उलट्या दिशेनं गोल फिरवायचं, हेही त्यांनीच शिकवलं.

शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बींनी १८६३ च्या सुमारास हेच केलं होतं. खडकांच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा हा माणूस पोलादाकडे वळला. त्यांनी ते घासून गुळगुळीत केलं, हलकं आम्ल लावलं आणि पाहिलं. पोलाद आतून एकजिनसी नाही, त्यात वेगवेगळे घटक नांदतात, हे तेव्हा दिसलं. आज आमच्या हाती मोटर आली, गाभा तोच आहे. मला हा विषय आवडतो तो यासाठीच. इतकं मोठं शास्त्र शेवटी बोटांच्या टोकांवर येऊन ठेपतं.

गिअरवाल्या मित्राला चाकानं सगळ्यात जास्त दमवलं ते दाताच्या कडेवर. बेकलाइट मऊ आणि दात कडक, त्यामुळे मखमलीवर जास्त वेळ ठेवलं की कड गोल होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली नेमका तोच भाग धूसर दिसतो. अनेक संध्याकाळी त्यात गेल्या. वेळ कमी, कापड कडक, दाब हलका, असं करत करत कड टिकली. मग नायटल न लावताच त्यानं पाहिलं. पृष्ठभागापासून काही मायक्रॉनपर्यंत, कणांच्या सीमांवरून काळे बारीक धागे आत उतरलेले. भट्टीतल्या वायूतल्या ऑक्सिजननं मँगनीज आणि क्रोमियमला गाठलं होतं. दाताच्या मुळाशी, जिथे वारंवार ताण येतो, तिथे असे धागे थकव्याच्या भेगेला वाट देतात. कंपनीच्या रिपोर्टच्या छापील नमुन्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

त्याचा प्रबंध आता याच धाग्यांवर आहे. वेगवेगळ्या चार्जमधले दात तो घेऊन येतो आणि प्रत्येकाची कड पुन्हा वन झीरोपासून सुरू करतो. मामांनी त्याच्यासाठी कडक कापडाची एक चकती वेगळी काढून ठेवली आहे. तिच्यावर दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.